बुलेटचा आत्मा, यामाहाची किक

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. ब्रिटिश गाड्या भारी की जपानी? एका बाजूला एमजीबी, ट्रायम्फ, लोटस एलान, जॅग्वार ई-टाइप. दुसऱ्या बाजूला डॅटसन २४०झेड, टोयोटा २०००जीटी, माझदा एमएक्स-५. व्हिडिओ कुणाचाही बघा, निकाल ठरलेला असतो. ब्रिटिश गाडीला आत्मा आहे, जपानी गाडी भरवशाची आहे. ब्रिटिश गाडी बंद पडते, तेल गळते, पावसात तिचे दिवे जातात, पण चालली की स्वर्ग. जपानी गाडी रोज सकाळी चालू होते, म्हणून ती जरा कंटाळवाणी. हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं जातं, की भरवसा हाच एखादा दोष वाटायला लागावा.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव बेंबळी, जिल्हा धाराशिव. बेंबळीत एमजीबी कुणी बघितलेली नाही आणि २४०झेड व्हिडिओ गेममध्ये चालवलेली पोरं मोजकीच. पण हाच वाद आमच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. फक्त तिथे त्याची नावं वेगळी आहेत : बुलेट की यामाहा? बुलेट म्हणजे मूळची इंग्रज रॉयल एनफिल्ड, आणि यामाहा म्हणजे आरएक्स १००. टपरीवरही बुलेटवाल्याचं म्हणणं तेच असतं, ‘गाडीला जीव पाहिजे.’ आणि यामाहावाला विचारतो, ‘जीव हाय, पण किकला उठती का?’

मला त्या ‘आत्मा’ नावाच्या शब्दाची झडती घ्यायची आहे. गाड्यांच्या समीक्षेत तो फार सैल वापरला जातो, आणि त्याच्या आड कुणाचे तरी कष्ट लपलेले असतात असं मला वाटतं.

एक इंजिन, तीन देश

आधी वंशावळ बघू, कारण ‘ब्रिटिश रक्त’, ‘जपानी रक्त’ ही भाषाच तिथे डळमळते.

१९५५ साली इंग्लंडमध्ये एमजीए नावाची देखणी, बुटकी स्पोर्ट्स कार आली. तिच्यात १,४८९ सीसीचं इंजिन होतं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ कुळातलं. आता आपली अँबॅसडर घ्या. ती मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात बनायची. सुरुवातीचं जुनाट इंजिन थोड्याच वर्षांत बदललं आणि तिच्यात जे बसलं ते याच बी-सिरीज कुळातलं, १,४८९ सीसीचं. म्हणजे शौकीन ज्या एमजीएसाठी आज उसासे टाकतात, तिचं चुलतभावंड वर्षानुवर्षं लाल दिवा लावून जिल्हाधिकाऱ्यांना दुष्काळाच्या पाहणीला नेत होतं. त्या अँबॅसडरमध्ये आत्मा आहे असं तेव्हा कुणी म्हटलेलं नाही. धूळ आहे असं म्हणायचे.

तिसरं घर जपानमध्ये. निसानने १९५२ साली इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला आणि पुढे ऑस्टिन ए५० ही गाडी जपानमध्ये बांधली. तिच्यातही हेच १,४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. आपण मॉरिसकडून शिकत होतो, ते ऑस्टिनकडून. शाळा एकच होती. पण निसानने हळूहळू ऑस्टिनचे भाग जपानमध्येच बनवले, मग स्वतःची इंजिनं काढली, आणि १९६९ साली २४०झेड दाखवली. सहा सिलिंडर, २.४ लिटर, लांब नाक. अमेरिकेत तिची किंमत ३,५२६ डॉलर होती. ई-टाइपसारखं रूप, पण ई-टाइपपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि रोज ऑफिसला नेता येईल अशी.

त्याच काळात इंग्लंडमध्ये १९६२ साली आलेली एमजीबी मूळ सांगाड्यात फारसा बदल न होता १९८० पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त खपली, हेही खरं. पण १९७४ मध्ये अमेरिकेचे नवे नियम आले तेव्हा कंपनीकडे नवी गाडी काढायला पैसा नव्हता. मग जुन्याच गाडीला काळे रबरी बंपर लावले आणि तिची उंची वाढवली. १९७५ मध्ये तिची मालक ब्रिटिश लेलँड सरकारच्या ताब्यात गेली. १९८० मध्ये एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. आपली अँबॅसडर तर थेट २०१४ पर्यंत निघत होती, कारण कितीतरी वर्षं गिऱ्हाईकच नंबर लावून उभं होतं. ज्याला रांग आहे, तो कशाला बदलतो?

तेव्हा एकाच शाळेतली तीन पोरं, आणि तिघांचे निकाल वेगळे. याचं कारण रक्तात सापडत नाही. इंजिनाला रोज कोणता प्रश्न विचारला गेला, यात सापडतं. निसानला विचारलं जात होतं : परदेशातला अनोळखी माणूस तुझी गाडी का घेईल? हिंदुस्थान मोटर्सला तो प्रश्न कुणी विचारतच नव्हतं.

मद्रासची इंग्रज, फरिदाबादची जपानी

मोटारसायकलींची गोष्ट हीच, फक्त आपल्या अंगणातली. १९५०च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट ३५० घेतल्या. १९५५ मध्ये रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी केली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या आसपास मिटली आणि बुलेट मद्रासजवळ बनत राहिली. आईबाप गेले, पोर मामाकडे वाढलं, असं काहीसं.

इंग्लंडमधला बाकीचा धंदा जपान्यांनी कसा खाल्ला तो इतिहास प्रसिद्ध आहे. होंडा १९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरली, १९६१ मध्ये तिथे जिंकली, आणि १९६९ मध्ये तिची चार सिलिंडरची सीबी७५० आली. तेलगळतीचंच उदाहरण घ्या. बहुतेक ब्रिटिश इंजिनांचं क्रँककेस उभं चिरलेलं असायचं. दोन अर्ध्या भागांचा जोड वरून खालपर्यंत, तेलाच्या साठ्यातूनच जाणारा. जोड जरा सैल पडला की तेल बाहेर. होंडाने हा जोड आडवा घेतला, तेलाच्या पातळीच्या वर. गळायला वाटच ठेवली नाही. हे काही दैवी ज्ञान नव्हतं. त्यासाठी नवी यंत्रं आणि नवे साचे लागत होते, आणि त्यावर खर्च करायची तयारी. १९७५ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात हेच दुखणं मांडलं होतं : स्पर्धा आली की माघार घ्यायची, छोट्या गाड्या सोडून मोठ्यांकडे सरकायचं, असं करत करत उभं राहायला जागाच उरली नाही.

आपल्याकडे १९८० नंतर सरकारने दार किलकिलं केलं आणि जपानी १०० सीसी गाड्या एकामागोमाग आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडाची सीडी १००, पुण्यात आकुर्डीला बजाजबरोबर कावासाकी, आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स १००. ही शेवटची १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. फक्त अकरा वर्षं. पण मराठवाड्यातल्या एका पिढीच्या कॉलेजचा आवाज तिचा आहे.

कागदावर बरोबरी

आता दोघींना शेजारी उभं करू. जुनी बुलेट : ३४६ सीसी, ७० मिलिमीटर रुंद सिलिंडरमध्ये ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, १८ हॉर्सपॉवर, वजन एकशे साठच्या पुढे. आरएक्स १०० : ९८ सीसी, ५० बाय ५०, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभराच्या आसपास. इंजिन साडेतीन पट मोठं, पण दर शंभर किलोला किती ताकद येते याचा हिशेब केला तर दोघींचं उत्तर साधारण सारखंच निघतं : अकरा हॉर्सपॉवर. टपरीवर हे सांगितलं की दोन्ही पार्ट्या नाराज होतात.

फरक आहे तो ताकद केव्हा येते त्यात. बुलेट फोर स्ट्रोक. दोन फेऱ्यांत एकदा पेट घेते, आणि जड फ्लायव्हील तो धक्का पुढे ओढत नेतं. न्यूट्रलला उभी असेल तर ठोके मोजता येतात. चढावर, वाळूत, मागे पोतं असताना ती तक्रार न करता ओढते. आरएक्स टू स्ट्रोक. प्रत्येक फेरीत पेट घेते आणि तिची सगळी ताकद वर, साडेसात हजार आरपीएमजवळ आहे. खाली ती साधी, सोज्वळ. मूठ पिळत नेली की एका जागी आवाज बदलतो आणि गाडी हातातून सुटल्यासारखी पुढे जाते. एक गाडी तुम्हाला वाहून नेते, दुसरी सारखी विचारत असते, अजून?

ज्यांना हे जाणवतं ते उगाच भावुक होत नाहीत, हे मला मान्य आहे. यंत्राला स्वभाव असतो आणि तो मोजता येणाऱ्या गोष्टींतून येतो : स्ट्रोकची लांबी, फ्लायव्हीलचं वजन, पेट घेण्याची लय. ‘फटफटी’ हा आपला शब्दच बघा. फोर स्ट्रोक सिंगल सिलिंडरचा सुटा सुटा ठोका ऐकून केलेला तो शब्द आहे. हिरो होंडा आली, आवाज गुळगुळीत झाला, आणि आपण ‘गाडी’ म्हणायला लागलो. एका इंजिनाने भाषेला शब्द दिला, दुसऱ्याने तो गप्प केला. स्वभावाचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. स्वभाव आणि बिघाड या दोन गोष्टी शौकीन एकत्र बांधतात. गळणारं तेल, मरणारे दिवे, लाथ मारणारी किक, हे सगळं ‘कॅरेक्टर’च्या खात्यात जमा करतात. मग जी गाडी बिघडत नाही तिला कॅरेक्टर नाही, असं आपोआप ठरतं.

रात्रीचा फोन कुणाला येतो?

आमच्या धंद्यात ‘ऑन-कॉल’ नावाची पाळी असते. रात्री सर्व्हर पडला की ज्याची पाळी त्याचा फोन वाजतो. अनेक वर्षं जुना, कुणालाच नीट न कळणारा कोड असतो आणि त्याच्याबद्दल मीटिंगमध्ये कौतुकाने बोलणारी माणसं असतात : काय डोकं लावलंय, कसला कलाकार होता! मी एक गोष्ट पक्की बघितली आहे. असं कौतुक करणारा माणूस बहुतेक वेळा ऑन-कॉल नसतो.

जुन्या बुलेटचं तेच. ती चालू करायचा विधी सुंदर आहे. ॲमीटरचा काटा बघायचा, किक हळू दाबत पिस्टन वर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर धरून त्याला किंचित पुढे सरकवायचं, मग लिव्हर सोडून पूर्ण वजनाने एकच किक. चुकलं तर ती उलटी लाथ घालते. हा विधी शिकलेल्याला अभिमान वाटावा, असाच आहे. पण तो करायला वेळ लागतो, निरोगी गुडघा लागतो, आणि उशीर झाला तरी चालेल अशी नोकरी लागते. किंवा मग हाताखाली माणूस लागतो.

म्हणूनच आमच्या भागात बुलेट कुणाच्या दारात असायची ते आठवून बघा. पोलीस, पाटील, गुत्तेदार, साखर कारखान्याच्या राजकारणातला माणूस. बुलेटचा ठोका लांबून ऐकू यायचा आणि त्यात ‘कोण येतंय’ ही सूचना असायची. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची बुलेट चालवते, ते बघून आख्ख्या महाराष्ट्राला बरं वाटलं. मुलगी बुलेटवर, हे मोठंच होतं. पण ती बुलेट कुठून आली हेही सिनेमा लपवत नाही. ती तिच्या बापाच्या सत्तेतून आली आहे. परशाकडे ती नाही आणि असू शकत नाही. ज्या सत्तेने तिला बुलेट दिली, तीच सत्ता पुढे त्या दोघांच्या मागे लागते. आत्मा असलेल्या गाडीत कधी कधी मालकाचा दरारा बसलेला असतो, तो वेगळा काढता येत नाही.

त्याच रस्त्यावर १०० सीसी जपानी गाड्यांनी काय केलं? झेडपीच्या मास्तरांना गावाबाहेर बदली झाली तरी रोज घरी येता यायला लागलं. दूधवाला दोन कॅन लावून वेळेत डेअरीवर पोहोचला. कंपाउंडर, विमा एजंट, बियाणं विकणारा, बायकोला माहेरी सोडणारा, अशा ज्याच्या मागे कुणी उभं नव्हतं त्याला गाडी मिळाली. ॲव्हरेज चांगलं, मिस्त्रीचं तोंड सणावारी. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला रात्री बेंबळीहून धाराशिवला न्यायचं आहे आणि जीप मिळत नाही, तेव्हा गाडीची समीक्षा एकाच वाक्यात होते : पहिल्या किकला उठेल का? हा प्रश्न कंटाळवाणा वाटायला माणसाचं आयुष्य फार सुरक्षित असावं लागतं.

माझदाने केलेला प्रयोग

बिघाड हाच आत्म्याचा भाग आहे की नाही, हा वाद खरं तर प्रयोगाने सुटलेला आहे. प्रयोग माझदाने केला. १९८९ मध्ये त्यांनी एमएक्स-५ आणली. समोर डोळ्यापुढे होती १९६०च्या दशकातली लोटस एलान : लहान, हलकी, दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. माझदाच्या लोकांनी एक्झॉस्टच्या आवाजावर मेहनत घेतली, गिअरचा दांडा किती कमी हलावा यावर घेतली. घोडा आणि स्वार एकच व्हावेत, अशा अर्थाचा जपानी शब्दप्रयोग त्यांनी ध्येय म्हणून धरला : ‘जिन्बा इत्ताई’. म्हणजे ब्रिटिश गाडीत जे जे आवडण्यासारखं होतं ते सगळं घेतलं, आणि फक्त तेल गळणं, दिवे जाणं, पावसात थांबणं, एवढं वगळलं.

‘आत्मा म्हणजे बिघाड’ हे खरं असतं, तर ती गाडी मेलेली निघायला हवी होती. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी दुसरी कुठलीच खपलेली नाही. ब्रिटिश गाडीचा आत्मा जपानी गाडीत निवांत राहिला, गळती सोडून. आणि मजा म्हणजे पुढे रॉयल एनफिल्डनेही तेच केलं. नवी इंजिनं बसवली, तेल आतच ठेवलं, बटण दिलं. जुने भक्त म्हणाले, ठोका गेला. दुकानापुढची गर्दी मात्र वाढली.

आता यामाहाची पाळी

याची दुसरी बाजूही बघायला हवी. आज आरएक्स १०० चं काय चाललंय? बंद होऊन तीस वर्षं होत आली. प्रदूषणाच्या नियमांनी टू स्ट्रोक संपवली आणि त्याबरोबर ती गेली. आता चांगल्या अवस्थेतली आरएक्स तिच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते. पोरं तिच्या आवाजाचे रील करतात, जळक्या टू टी ऑइलच्या वासाबद्दल लिहितात. आणि काय म्हणतात? ‘हिच्यात आत्मा होता. आताच्या गाड्यांत नाही.’

म्हणजे ज्या जपानी यंत्राला एकदा बिनजीवाचं म्हटलं गेलं, त्यालाच आता आत्मा फुटला. २४०झेडचंही हेच झालं. तिलाही आता लिलावात ब्रिटिश गाडीसारखा मान मिळतो. यावरून मला तरी एवढंच दिसतं, की आत्मा हा शब्द आपण देशाला लावत नाही, गेलेल्या काळाला लावतो. जी गाडी आता रोज वापरावी लागत नाही, तिचे दोष गोड लागतात. माझ्या वयाच्या पोरांना आरएक्सची ओढ आहे ती बापाच्या तरुणपणाची. त्यात वाईट काही नाही. फक्त तिला इंजिनिअरिंगचा निष्कर्ष म्हणून खपवू नये.

तरी बुलेटवाल्यांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुनी बुलेट बिघडायची, पण ती गावात दुरुस्त व्हायची. गॅस्केट नाही मिळालं तर कागदी पुठ्ठा कापून बसवला जायचा, बुश लेथवर कातला जायचा. तिने गावोगावी मिस्त्री घडवले. तिचं ज्ञान उघडं होतं, पाना असलेल्या कुणालाही वाचता येईल असं. आरएक्सपर्यंत ते टिकलं. कार्बोरेटर खोलून साफ करणारी दहावी नापास पोरं आमच्याकडे होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली इंजिनिअर होती. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले. सेन्सर, फ्युएल इंजेक्शन, ईसीयू. हवा स्वच्छ राहायला ते हवंच होतं. पण आता बिघाड झाला की स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर तालुक्याच्या शोरूममध्ये असतो. भरवसा वाढला आणि त्याची किल्ली गावाबाहेर गेली. मी स्वतः असलाच कोड लिहितो, बंद पेटीत जाणारा. त्यामुळे ही तक्रार मला दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकता येत नाही.

हरवलेल्या आत्म्याबद्दल बोलायचंच असेल तर मला तो इथे सापडतो. गळणाऱ्या तेलात तो कधी नव्हता. वापरणाऱ्याला यंत्र उघडून बघता येतं, कळतं, दुरुस्त करता येतं, यात होता. एमजीबीत तो होता, म्हणून आजही लोक ती घरच्या गॅरेजात बांधतात. आरएक्समध्येही होता. तो ब्रिटिश किंवा जपानी कधीच नव्हता.

म्हणून गाड्यांबद्दल लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. गाडीला आत्मा आहे असं म्हणताना आणखी दोन ओळी द्या. ती बंद पडली तर कोण थांबतं, आणि ती दुरुस्त कोण करू शकतं? टपरीवर विचाराल तर मी आजही यामाहाच्या बाजूने हात वर करीन, कारण रात्रीचा प्रश्न पहिला. पण बेंबळीतल्या मिस्त्रीला ज्या गाडीचं पोट उघडता येणार नाही, तिला मी पूर्ण मार्क देणार नाही. मग ती कुठल्याही देशाची असो.